हातातल्या बॅटरीचे दोन तास

अंधारात पिस्तूल कसं वापरायचं, हे मी लोकांना शिकवायचो. पूर्व केंटकीतल्या आमच्या दरीत माझ्या बापाचं तंबाखू वाळवायचं कोठार आहे. तंबाखू गेली, कोठार राहिलं. फळ्यांच्या फटींवर मी डांबरी कागद ठोकला, आत गवताच्या गासड्यांच्या आडव्यातिडव्या भिंती रचल्या. भर दुपारीसुद्धा आत स्वतःचा हात दिसत नाही. शनिवारी आठ तासांचा वर्ग. प्रत्येक माणसामागे एक तक्ता, तक्त्यात सात रकाने. शिकवून झालं की रकान्यात खूण करायची, खाली माझी सही.

सहावा रकाना होता हातातल्या बॅटरीचा. दोन तास.

हे दोन तास कशाला, ते सांगतो. हल्ली सगळ्यांना पिस्तुलाच्या नळीखाली बसणारी बॅटरी हवी असते. बोटाने दाबली की झगझगीत उजेड. मर्दानी वाटतं. पण तिच्यात एक मेख आहे, जी दुकानात कुणी सांगत नाही. उजेड जिथे, नळी तिथे. तुम्हाला नुसतं बघायचं असतं, पण बघताना तुम्ही त्या माणसावर भरलेलं पिस्तूल रोखलेलं असतं. म्हणून बघायची बॅटरी वेगळी लागते, दुसऱ्या हातात, अंगापासून लांब धरलेली. उजेड जमिनीवर मारायचा, नाहीतर छतावर. तेवढ्या पसरलेल्या उजेडात माणूस ओळखू येतो. पिस्तूल खाली. आधी विचारायचं, कोण आहे? नाव सांग.

हे तोंडाने सांगून कुणाला येत नाही, हाताला लावावं लागतं. म्हणून लोकांच्या हातात नारिंगी प्लास्टिकचं खोटं पिस्तूल द्यायचं, खरी बॅटरी द्यायची, आणि मी कोठारात कुठेतरी हातात मोबाईल घेऊन उभं राहायचं. दहातले सात जण पहिल्या फेरीत मोबाईलला हत्यार समजून मला मारतात. मग उजेडात येऊन तोंडं लपवतात. ती लाज हाच धडा. बाकीच्या सहा तासांत मी जे शिकवतो ती नुसती ऐट आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी सहा जण होते. त्यात ओलेटा नोबल. सदुसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, या दरीतल्या अर्ध्या लोकांना तिने शाळेत पोहोचवलंय, मलासुद्धा. नवरा गेल्यावर दरीच्या अगदी टोकाला एकटी राहायची. त्या हिवाळ्यात तांब्याच्या तारा आणि नळ चोरणारे घरांत शिरत होते, म्हणून तिने पिस्तूल घेतलं. नळीखाली बॅटरी मीच बसवून दिली.

दोन वाजता पाच रकाने झाले होते. कोठारातला हीटर सकाळपासून बंद. आणि चार वाजता विद्यापीठाच्या पोरांचा बास्केटबॉलचा सामना. आमच्याकडे लग्न ठरवतानासुद्धा सामन्यांचं वेळापत्रक बघतात, एवढं सांगितलं की पुरे.

"व्हर्लिन," ओलेटा म्हणाली, "माझे गुडघे गोठले रे. घरी जाऊन बघते तर पाय इथेच राहिलेले. अजून किती बाकी आहे?"

मी घड्याळ पाहिलं. "झालंच म्हणा, मिस ओलेटा."

"तू शाळेत असताना गृहपाठाबद्दल असंच म्हणायचास."

सगळे हसले. मीही हसलो. ट्रकच्या बॉनेटवर सहा तक्ते ठेवले आणि सहाच्या सहांवर सातही रकान्यांत खुणा केल्या. सातवा रकाना सुरक्षेच्या उजळणीचा होता, तोही नाही घेतला. थंडीत पेन चालेना, तर फुंकर मारून चालवला. खोटं लिहायला एवढी मेहनत केली मी. सामन्याची सुरुवात चुकू नये म्हणून.

तीन आठवड्यांनी पडताच गोठणारा पाऊस आला. झाडं बर्फाने काचेसारखी झाली, तारा तुटल्या, दरीभर वीज गेली. संध्याकाळी सहाला ओलेटाच्या अंगणात जनरेटर धडधडत होता. ओढ्यापलीकडचा लोन्झो फेल्टनर, चाळीस वर्षांचा शेजारी, तिचे नळ फुटू नयेत म्हणून पाणी बंद करायला आला. आमच्याकडे कुणाच्या घराजवळ कुणी मुकाट जात नाही, अंगणातूनच स्वतःचं नाव ओरडतो. लोन्झोही ओरडला. जनरेटरने ते गिळलं. तळघराच्या बाहेरच्या दाराने तो आत गेला, पाना घेऊन नळाशी वाकला.

वर ओलेटाला लोखंडावर लोखंड वाजलेलं ऐकू आलं. तिला वाटलं, चोर. जनरेटरवर वरचा हीटर तेवढा चालत होता, तळघरात अंधार. ती जिना उतरली. काय आहे ते बघायला तिने तिच्याकडे होता तोच उजेड पुढे धरला, नळीखालचा. झोत लोन्झोच्या तोंडावर पडला. तो दिपला, आणि डोळ्यांवर आडोसा धरायला त्याने हात वर केला. त्याच हातात पाना होता.

एकच गोळी. तिसऱ्या दिवशी तो गेला.

शेरीफच्या कचेरीतला तपासनीस माझ्याकडे आला तेव्हा माझ्या बायकोने, ड्रीमाने, अभिमानाने फाईल काढून दिली. "आमच्याकडचे कागद चोख असतात," म्हणाली. त्याने ओलेटाचा तक्ता वाचला, सहाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे बघायला पिस्तुलाचा उजेड वापरायचा नाही, हे बाईला दोन तास शिकवलं होतं?"

"तक्त्यात आहे ते आहे," मी म्हणालो.

चार शब्द. एकही शब्द धड खोटा नाही. असली वाक्यं भित्र्या माणसालाच सुचतात.

त्या खुणेवर सरकारी वकिलाने खटला उभा केला. नुसता अपघात नव्हे. हिला शिकवलेलं होतं, धोका माहीत होता, तरी हिने केलं. अकरा आठवडे मी गप्प होतो. रविवारी चर्चमध्ये ओलेटासाठी प्रार्थना झाली, तेव्हा मी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणालो. मनात माझी कारणं तयार होती. शिकवायचा परवाना जाईल. तपासात खोटं बोलल्याचा गुन्हा लागेल. आणि शिकवलं असतं तरी ती चुकली नसती कशावरून? हे शेवटचं कारण मला फार आवडायचं. रात्री कुशीत घेऊन झोपायचो.

मग एका मंगळवारी दुपारी ड्रीमाने शिजवलेल्या घेवड्याचं पातेलं आणि मक्याचा पाव देऊन मला ओलेटाकडे पाठवलं. जामिनावर ती घरीच होती. वाळली होती. तळघराच्या दाराला तिने फळी ठोकली होती.

"बस," ती म्हणाली. "घेवडा ड्रीमाने केलाय ना? तू केला असशील तर कुत्र्याला घालते."

"तिनेच केलाय."

"मग ठीक." तिने पातेलं ओट्यावर ठेवलं आणि पाठमोरीच बोलायला लागली. "गुरुवारी कबुलीजबाबावर सही करतेय. पाच वर्षं. वकील म्हणतो कबूल करा, खटला चालला तर दहा होतील. बाहेर येईन तेव्हा बहात्तर. पण व्हर्लिन, त्याआधी मला तुझी माफी मागायची होती."

"माझी?"

"तुझं नाव खराब झालं ना माझ्यामुळे. लोक म्हणत असतील, याने काय शिकवलं." ती वळली. "मी रोज आठवून बघते. कोठार आठवतं. गासड्यांचा वास आठवतो. तुझी ती घाणेरडी टोपी आठवते. तू चाप कसा दाबायला सांगितलास ते आठवतं. पण ती बॅटरी... वकिलाने तक्ता दाखवला, दोन तास तू जीव तोडून शिकवलंस आणि माझ्या डोक्यात एक अक्षर नाही. दोन तास, रे! मी लेक्सिंग्टनला जाऊन डोकं तपासून आले. डॉक्टर म्हणतो, स्मरणशक्ती उत्तम आहे. त्याला काय कळतंय? उत्तम असती तर लोन्झो जिवंत असता."

ती टेबलाशी बसली. "मी तेव्हापासून गाडी चालवत नाही. वाटतं, अजून काय काय विसरले असेन. बसमधून कधी एखादं पोर उतरवायचं विसरले असेन का?"

मी तिच्या बसमध्ये नऊ वर्षं बसलो होतो. ती रोज शेवटच्या थांब्यावर मागच्या बाकापर्यंत चालत जायची आणि प्रत्येक बाकाखाली वाकून बघायची.

"तुम्ही काही विसरला नाहीत," मी म्हणालो. "मी शिकवलंच नाही."

"समजूत नको घालूस."

"समजूत नाही. सामना होता. थंडी होती. मी तो धडा घेतलाच नाही, आणि खूण केली. आणि कळत असूनही तपासनिसाला सांगितलं नाही."

मला वाटलं, ती रडेल. मूर्ख मी.

"अकरा आठवडे," ती म्हणाली. आवाज हळू होता. "अकरा आठवडे मी स्वतःला वेडी म्हणतेय. देवाला विचारतेय, माझं डोकं कधी नासलं. आणि तू चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसून आमेन म्हणत होतास?"

"हो."

"लोन्झो माझ्या हातून मेला. त्यात तुझा वाटा मी मागत नाही, ते माझं मी वाहीन. पण माझं डोकं मला परत दे, हरामखोरा. ऊठ."

"कुठे?"

"सरकारी वकिलाकडे. कचेरी साडेचारला बंद होते. गाडी तू काढ. नको, चावी इकडे दे. मीच चालवते."

अकरा आठवड्यांनी ती स्टिअरिंगमागे बसली. वळणावळणाचा बावीस मैलांचा रस्ता, एक वळण चुकलं नाही.

सरकारी वकील टॅकेटबाई चाळिशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, माझी सही घेतली. या वेळी पेन नीट चालत होता.

"मिस्टर स्टॅम्पर, तुमच्यावर काय काय लागू शकतं, कल्पना आहे?"

"आहे."

"मला वाटत नाही." त्या ओलेटाकडे वळल्या. "गुरुवारची सही होणार नाही. मी तुमच्या वकिलाशी आजच बोलते. सगळं सुटेल असं वचन देत नाही. पण पाच वर्षांचं जे कारण होतं, ते या तक्त्याबरोबर गेलं."

ओलेटाने मान हलवली. आभार मानले नाहीत.

मला वाटलं, संपलं. टोपी उचलली. टॅकेटबाई म्हणाल्या, "थांबा. असे आणखी किती तक्ते आहेत?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. शपथेवर सांगतो, नव्हता. मी फक्त ओलेटाचा विचार करत होतो, म्हणजे माझाच.

"थंडीतले वर्ग," मी म्हणालो. "सामन्याचे शनिवार. दोन हिवाळे. असतील तीसेक जण."

"आणि ते सगळे समजतात की त्यांना येतं?"

"हो."

"पिस्तुलावर बॅटरी किती जणांच्या?"

"बहुतेक सगळ्यांच्या. मीच बसवल्यात."

तीस घरं. तीस जिने. त्यांच्या मुलांपैकी कुणीतरी उशिरा घरी येणार, कुणाचा भाऊ दारू पिऊन तळघरात झोपायला जाणार.

टॅकेटबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "फाईल जप्त करायला माणूस पाठवते. पण तोवर थांबायचं नाही. आठवतील ती नावं लिहा. आजच फोन जायला हवेत."

मी लिहायला लागलो. अकरा नावं झाली आणि पेन थांबला. चेहरेसुद्धा आठवेनात. सही मी प्रत्येकाच्या तक्त्यावर केली होती, माणूस एकाही शनिवारी नीट बघितला नव्हता.

मागून ओलेटा म्हणाली, "माझ्या वर्गातले लिही. गार्नेट मुलिन्स, लाल कोट, दाराशी उभा होता, सारखा खोकत होता. स्लोन भाऊ दोघे, ड्युई आणि कार्सन. ड्युई डावखुरा. नर्स आहे ती विल्मा जेंट, तिचं पिस्तूल नवऱ्याचं होतं, तिच्या हातात मोठं व्हायचं. आणि टोलिव्हर, पाद्रीबुवांचा जावई. त्याच्या घरी पाच पोरं आहेत. त्याला आधी फोन कर."

मी लिहिलं. तिने माझ्या खांद्यावरून वाकून कागद वाचला.

"जेंट चुकीचं लिहिलंयस," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "खोड आणि नीट लिही. मग मागच्या हिवाळ्यातले आठवू. तेव्हा चर्चबाहेर कोण कोण तुझ्या वर्गाबद्दल बोलायचं, ते मला माहीत आहे."