तीन तलावांचा शनिवार

श्वेताने कळशी आडवी धरली आणि गळ्याखालची अक्षरं अंगठ्याने पुसली. पितळ काळवंडलं होतं, तरी ठोक्याठोक्यांनी कोरलेलं नाव वाचता येत होतं. सौ. सुंदराबाई भाऊराव घाडी, लालबाग, १९७९.

पलीकडे तिचा नवरा प्रीतम एका जुन्या आरामखुर्चीत बसून तिचे हात ठोकून बघत होता.

"ही बघ, झकास आहे. बाल्कनीत मावेल ना?"

श्वेता कळशी घेऊन गल्ल्याकडे गेली. दुकानदाराला तिने विचारलं, "हे कुठून आलं?"

"भांडुपहून. चाळ तोडतायत तिकडे. महिना झाला असेल. कपाटं, पाट सगळं गेलं, भांडी राहिलीत."

सुंदराबाई म्हणजे श्वेताची आई. लालबागची खोली सुटल्यावर ती हीच कळशी मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसली होती आणि भांडुपच्या चाळीत आल्यावर आधी कळशीला जागा केली होती. भाऊराव गेले, मुलगी लग्न होऊन मुलुंडला गेली, आई धाकट्या भावाकडे, नंदू आणि त्याची बायको सपना यांच्याजवळ राहिली. गणपतीनंतर चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा नंदूने तिला गावी, कणकवलीला काकीकडे पोचवलं. श्वेताने फोन केला की नंदू सांगायचा, तिकडे रेंज नाही, आणि आईला ऐकूही कमी येतं. तिनेही फार खोदून विचारलं नव्हतं. खरं तर आई गावी गेली हे ऐकून तिला थोडं हलकंच वाटलं होतं.

आजची सहल प्रीतमने ठरवली होती. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. लोणावळ्याची गर्दी नको, तो म्हणाला होता, आपल्याच अंगणात तीन तलाव आहेत. मुलीला, प्रांजलला, क्लासला सोडून ते सकाळी निघाले, पवईच्या काठाने सावकाश चालले, टपरीवर चहा प्याले. विहारच्या काठी जाऊ देत नाहीत, म्हणून तो लांबूनच झाडांतून पाहायचा होता. मधे ओशिवऱ्याला जुन्या वस्तूंची दुकानं, कारण तिला ती आवडतात. दुपारी कान्हेरीचा डोंगर चढायचा आणि वरून तुळशी तलाव बघायचा. इतकं आखलेलं प्रीतम कधी करत नसे. तिला बरं वाटलं होतं.

ती दुकानाबाहेर आली आणि तिने नंदूला फोन लावला.

"आईची कळशी विकलीस तू?"

"ताई, भाड्याच्या एका खोलीत काय काय कोंबू? सपना वैतागली होती."

"आईला विचारलंस?"

मागे कुठेतरी मिक्सर चालू होता.

"तू काकीचा नंबर दे. मला आत्ता बोलायचंय आईशी."

"ताई..." मिक्सर थांबला. "भावोजींनी सांगितलं नाही अजून तुला?"

"काय?"

"त्यांनाच विचार," नंदू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

कळशी विकत घेऊन ती गाडीत येऊन बसली. प्रीतमने कोरलेलं नाव वाचलं होतं, हे त्याच्या गप्प बसण्यावरूनच कळत होतं. हायवेला लागेपर्यंत त्याने दोनदा एसी कमीजास्त केला. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच तिला भीती वाटत होती. तो आपणहून बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. बोरिवली आलं, नॅशनल पार्कच्या फाटकाशी गाडी लावून झाली, बसमध्ये शेजारी बसून ते कान्हेरीच्या पायथ्याशी उतरले, तरी तो बोलला नाही.

पायऱ्या ती भराभर चढली. इतर लोक लेण्यांपाशी थांबत होते, ती थांबली नाही. वरच्या कातळावर पोचली तेव्हा प्रीतम बराच मागे राहिला होता, गुडघ्यांवर हात टेकत येत होता. खाली दाट झाडीच्या मधोमध तुळशी तलाव होता. काठाला माणूस नाही, होडी नाही, नुसतं पाणी.

"कुठे आहे आई?"

तो धापा टाकत तिच्याजवळ बसला. "आज सांगणारच होतो. इथेच. म्हणून तर..."

"कुठे आहे?"

"घोडबंदरच्या रस्त्याला. एक वृद्धाश्रम आहे. स्वच्छ आहे गं. मी बघून आलोय."

"कधीपासून?"

"गणपतीनंतर. गावी नेलंच नाही त्यांना. काकीने नाही म्हटलं."

श्वेताने पाण्यावरची नजर काढली नाही. "आणि माझ्याकडे का नाही आणली?"

"नंदूचा फोन आला होता. तू आंघोळीला गेली होतीस, मी उचलला." त्याने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "प्रांजलची दहावी. आपल्या दोन खोल्या. आई रात्री चारदा उठतात, तुझी सकाळची शाळा. मी म्हटलं, सध्या नको."

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तू हो म्हणाली असतीस."

खालून एक कुटुंब चढत आलं. त्यातल्या बाईने फोन पुढे केला, आमचा एक फोटो काढता का म्हणून. प्रीतमने काढला. श्वेता उठली आणि उतरायला लागली.

"तू वाद घालू शकला असतास," पायऱ्या उतरताना ती म्हणाली. "भांडला असतास. मी ऐकलंही असतं कदाचित."

खाली गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता आईकडे चल."

दहिसर नाका ओलांडल्यावर तिला रस्ता विचारायचीही गरज पडली नाही. प्रीतमने कुणाला न विचारता बरोबर वळण घेतलं. एका बसक्या इमारतीपुढे गाडी थांबली. पुढच्या व्हरांड्यात ओल्या चादरी वाळत होत्या. काळजीवाहू बाई बाहेर आली आणि प्रीतमला ओळखून हसली.

"आज मॅडमना पण आणलंत?"

सहा खाटांच्या खोलीत सुंदराबाई खिडकीशी बसल्या होत्या. केस कुणीतरी कानापर्यंत कापले होते. श्वेता त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली तरी त्या क्षणभर तिच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

"इलंस गो?" मग त्यांनी तिचा हात धरला. "बरा केलंस. माका वाटला, तू येवचंस नाय."

"का नाही येणार, आई?"

"माका राग नाय हां तुझो. शाळा, घर, पोरगी, तू तरी किती करतलंस? माका घराक न्हेवचा तुझ्या मनात नाय होता, ता प्रीतमरावांनी सांगल्यानी माका. पन दोनदा येवन गेले ते. केळी हाडल्यानी. म्हनाले, मी समजावतंय तिका, जरा दम धरा." त्या ओशाळं हसल्या. "तेंनी समजावल्यानी म्हनानच इलंस मगे."

श्वेताने मागे वळून पाहिलं. प्रीतम दारात उभा होता, काढलेले बूट अजून हातातच. तो खाली फरशीकडे बघत होता.

एक वाक्य पुरलं असतं. मी कधी नाही म्हटलंच नाही, मला कुणी विचारलंच नाही. ते तिच्या तोंडापर्यंत आलंही. पण आईने पुन्हा, "देवमानूस गो तो," म्हटलं आणि खिडकीच्या कठड्यावर वर्तमानपत्रावर ठेवलेलं एक काळं पडलेलं केळं तिला दाखवलं. खायचं राहून गेलं होतं ते, टाकवलं नव्हतं.

श्वेता खाटेवर टेकली. "चुकलं माझं, आई."

"अगो, तसा नको म्हनू."

"चल, घरी जाऊ."

काळजीवाहू बाई मध्ये पडली. ज्यांनी ठेवलं त्या मुलाची सही लागेल, म्हणाली.

"मी मुलगी आहे. कुठे करायची सांगा."

तिने व्हरांड्यातल्या टेबलावर वाकून सही केली. परत आली तेव्हा सुंदराबाई तशाच बसल्या होत्या. त्यांनी आवाज खाली आणला, पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा खालचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"तेंका इचारलंस काय? घर तेंचा आसा."

प्रीतमने मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं. तो काहीतरी बोलायला गेला.

"त्यांनीच सांगितलं, आई," श्वेता म्हणाली. "म्हणाले, आजच घेऊन येऊ."

सुंदराबाई उठल्या. एकेका खाटेची कड धरत दारापर्यंत गेल्या आणि जावयापुढे त्यांनी दोन्ही हात जोडले. प्रीतमच्या हातातले बूट खाली पडले. ते जोडलेले हात धरावेत की सोडवावेत, त्याला कळेना. "नका हो, आई," तो म्हणाला, "नका." त्यांना ते ऐकू आलं नाही.

श्वेताने भिंतीतलं कपाट उघडलं आणि लुगडी काढून पिशवीत भरायला घेतली. चार लुगडी, एक शाल, गोळ्यांची पाकिटं. पिशवी भरून झाली, तरी ती बराच वेळ दाराकडे पाठ करून उभी राहिली.