फळीला लावलेला पट्टा

मित्रांनो, ही हकिकत सन २०२२ ची आहे. मी एक जुना पट्टा आहे. जाड सुताचा, तीन पदरी, हातभर लांब.

माझं तरुणपण बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात एका पॉवरलूमवर गेलं. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला इकडून तिकडे फेकणाऱ्या दांडीला मी बांधलेला असे. दिवसभर झटके खाल्ले, पण तुटलो नाही. ते माग दुरुस्त करणारे मिस्त्री म्हणजे कौतिकराव. दसऱ्याला मागांची पूजा करताना ते माझ्यावरही कुंकवाचं बोट ओढत. मग कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले. कौतिकरावांनी मला तेवढं वाचवलं. त्यांनी पंक्चरचं दुकान टाकलं आणि मी तिथे खिळ्याला सात वर्षं लटकून राहिलो. माझ्यावर धूळ बसली. मला वाटलं, आता संपलं.

त्या वर्षी चैत्रात प्रतिभाताई दुकानात आल्या. त्या शाळेत शिकवत आणि सकाळी तापीच्या राजघाटावर मुलींना पोहायला शिकवत. कुठल्याशा धरणावरच्या बोटक्लबातून त्यांनी एक जुनी फळी आणली होती. तिच्यात हवा भरायची, वर उभं राहायचं आणि लांब वल्ह्याने तापीत चालवायची. तिची उचलायची मूठ फाटून गेली होती. फळी काखेत मावत नव्हती, त्यामुळे ती घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरताना ताईंचे हाल होत.

कौतिकरावांनी फळी एका पाइपवर आडवी ठेवून तोल पाहिला, मधोमध खडूची खूण केली. जागा खरकागदाने घासली. ट्रकच्या ट्यूबची दोन ठिगळं कापली आणि माझी टोकं त्यांच्याखाली घेतली. मधे चार बोटं जातील एवढी ढील ठेवली.

त्यांची बायको मालूबाई डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "काय करून राहिले तुम्ही? नदीचं पंक्चर काढता का?"

"तू डबा ठेव अन् बघत राह्य."

प्रतिभाताईंनी फळीबरोबर आलेला कागद उघडला. "काका, यात लिहिलंय, ही फळी रबराची नाही, प्लास्टिकची आहे. हिला वेगळा गोंद लागतो. इंदूरहून मागवावा लागेल."

"ताई, चाळीस वर्षं हातानं काम केलं. कागद कधी पंक्चर काढतो का?" असं म्हणून त्यांनी ट्यूबचं सोल्यूशन लावलं आणि वर दगडी पाटा ठेवला.

ताई हसल्या. त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला धरून फळी उचलली. मी हललो नाही. उन्हाळाभर मुली म्हणत, "किती सोपं झालं!" मित्रांनो, मला पुन्हा कुणीतरी वापरत होतं. मी फुशारलो. ठिगळाच्या कडेला पाणी शिरत होतं, ते मला कळत होतं. पण पट्ट्याला बोलता येत नाही.

कार्तिकात मालूबाई रोज सूर्योदयाला स्नानाला येई. फळी दिसली की बायकांना सांगे, "तो पट्टा आमच्या यांनी लावलाय. हत्ती बांधा, सुटणार नाही."

त्या सकाळी शेवाळावरून तिचा पाय घसरला. पावसाळ्यानंतरचं पाणी, धार जोरात होती. ती पायऱ्यांपासून दूर ओढली गेली. तिला पोहता येत नव्हतं. प्रतिभाताई फळी घेऊन तिच्यापर्यंत पोहोचल्या.

"मावशी, पुढची दोरी धरा! दोरी! पट्टा नको!"

फळीच्या टोकाला बांधलेली दोरी हाताशी होती. पण मालूबाईने हात लांब करून मलाच धरलं. तिचा विश्वास माझ्यावर नव्हता, लावणाऱ्यावर होता. तिचा सगळा भार माझ्यावर आला. एक ठिगळ सोललं, मग दुसरं. मी तुटलो नाही, मित्रांनो. मी फळीपासून सुटलो आणि तिच्या मुठीत राहून तिच्याबरोबर खाली गेलो. ताईंनी बुड्या मारल्या. तिला वर आणलं तेव्हा उशीर झाला होता.

तिची मूठ उघडेना. ती कौतिकरावांनी उघडली, एकेक बोट करून. मला पाहिलं आणि ते पायरीवर बसले.

दहाव्याला ते ताईंना म्हणाले, "तुम्ही वाचून दाखवलं होतं."

"मी हसले होते, काका," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, मी वजन उचलण्यासाठी होतो, जीव धरण्यासाठी नव्हतो. कुणासाठी काही जोडलंत तर ते किती पेलेल हे खरं सांगा. माहीत नसेल तर तेही सांगा. तुमच्यावर प्रेम करणारं माणूस ते विचारणार नाही.

मी आता पुरावा म्हणून पोलीस ठाण्याच्या कपाटात एका पिशवीत आहे. पिशवीवर नंबर आहे. प्रतिभाताई वर्षभर नदीवर गेल्या नाहीत. आता पुन्हा शिकवतात, आणि मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही पाण्यात उतरवतात. फळी त्यांनी कापून टाकली. कौतिकरावांना त्यांची मुलगी गायत्री आपल्या गावी, खकनारला घेऊन गेली. मिस्त्री आलेत हे कळल्यावर बाजाराच्या दिवशी लोक ट्यूब घेऊन त्यांच्या ओट्यावर येतात. ते ट्यूब हातात घेतात, भोकावरून अंगठा फिरवतात आणि परत देतात. म्हणतात, "नवी घ्या."