पाचव्या होडीचा मुराळी

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यासाठी आणि सांजोऱ्यांसाठी लेकीला सासरहून माहेरी आणायला जातो तो मुराळी. बहुधा भाऊ जातो, भाऊ नसला तर बाप जातो. बापालाही सवड नाही, असं घर खानदेशात शोधून सापडायचं नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांना नवल सर ठाऊक नसावेत, दुसरं काय!

देवपुरातल्या एका शाळेतून खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले नवल सर अकरा वर्षं धुळ्याजवळच्या धरणावर पोरांना कॅटमरान चालवायला शिकवत होते. कॅटमरान म्हणजे शेजारीशेजारी जोडलेल्या दोन सडपातळ होड्या आणि वर एक शीड. लोक तिला बैलजोडी म्हणायचे, आणि सरांना बैलजोडीवाले सर. सर चिडायचे नाहीत. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी उभे राहायचे, आईबापांना गाठायचे, फुकट शिकवतो म्हणायचे, जॅकेट माझं, नाश्ता माझा, फक्त पोराला पाठवा म्हणायचे. उत्तरं पाठ झाली होती. ‘सर, आपलाकडे समुद्र कोठे शे?’ आणि पोरगी असली की, ‘काई पडी जाई उन्हमा, मंग तिले कोन करी?’ पोर काळवंडण्याची आणि तिच्या लग्नाची ही काळजी ऐकून सर हसायचे आणि पुढल्या आईबापांकडे वळायचे. असा चिवट माणूस निवडणुकीला उभा राहता तर कधीच निवडून आला असता.

होड्या शिडाच्या शर्यती भरवणाऱ्या एका संघटनेच्या होत्या. अट एकच: वर्षाला एक शर्यत, आणि शर्यतीच्या रेषेवर किमान पाच होड्या. मागली दोन वर्षं चारच उतरल्या होत्या. यंदा पत्र आलं, पाच नसल्या तर शर्यतीच्या दिवशीच ट्रक येईल, होड्या कोकणात जातील. शर्यतीचा दिवस नेहमीचाच, अखाजीचा. शाळेला सुट्टी आणि धरणावर वारा, दोन्ही जुळायचं ते तेव्हाच.

एका होडीवर दोघं लागतात. दहा पोरं सरांनी कशीबशी जमवली होती. पण अखाजी म्हटल्यावर मामाचं गाव आलंच. शर्यतीच्या चार दिवस आधी एक पोरगा पिंपळनेरला पसार झाला. त्याची जोडीदार भूमिका, चौदा वर्षांची, एकटी राहिली. सरांनी ओळखीपाळखीचे सगळे दरवाजे पुन्हा वाजवले. कोणी चहा पाजला, कोणी तोही नाही. तेव्हा त्यांना रूपालीचं नाव आठवलं.

रूपाली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लग्नाआधी सहा वर्षं पाण्यावर होती, सुकाणू तिच्यासारखं कोणालाच धरता आलं नाही. चार वर्षांपूर्वी बोदवडला दिली. पहिल्या अखाजीला आई, कमलबाई, होती. तिनं पुतण्याला मुराळी म्हणून पाठवलं. त्याच पावसाळ्यात कमलबाई गेली, आणि त्यानंतरच्या तीन अखाज्या सरांनी धरणावर काढल्या. आता ते निघाले. लेक आठवली म्हणून नव्हे हो, सुकाणू आठवलं म्हणून. वाईट आहे हे, पण झालं ते असं झालं.

बोदवडला विहीणबाईंनी, लताबाईंनी, त्यांचे पाय धुवायचेच काय ते बाकी ठेवले. शेजारच्या बायका दारात आल्या. ‘रूपालीचा मुराळी आला वं!’ रूपाली स्वयंपाकघरातून आली ती पिशवी घेऊनच. सरांना वाटलं, चला, फत्ते.

‘परवा आणून सोडतो,’ निघताना ते बोलून गेले.

लताबाईंचा हात कुंकवाच्या करंड्यावर थांबला. ‘परवा? काहून हो व्याही? आखाजीले पोरगी नेता अन् दोन रात्रीत परत आणता?’

सरांनी लेकीची पिशवी उचलली. रूपाली खाली मान घालून चप्पल शोधत राहिली.

बसमध्ये भुसावळपर्यंत ती आईबद्दल बोलत होती. घरातल्या तुळशीला कोण पाणी घालतं, आईचं कपाट कोणी उघडलं का, असंच काहीबाही. सर हूं हूं करत होते. जळगावला गाडी बदलली, खिडकीशी बसल्यावर तिनं विचारलं, ‘नाना, किती होड्या झाल्या?’

खोटं बोलायला सरांना जमलं असतं. पण त्यांना वाटलं, हिला आनंदच होईल. ‘चार पक्क्या. पाचवीला तू.’

तिनं मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली. पाळधी मागे पडलं. सर बोलत सुटले, अकरा वर्षं, पत्र, ट्रक, पिंपळनेरचा पोरगा. ‘तू नाही म्हणालीस तर सगळं संपलं बघ, रूपा.’

‘नाही कुठे म्हणतेय मी?’ ती म्हणाली. ‘लावते शीड.’

देवपूरच्या घरात पुढच्या खोलीभर शिडं पसरलेली होती. तिनं ती गोळा केली, फाटलेलं एक शिवलं, डब्यात तांदूळ शोधून भात टाकला आणि आईच्या कपाटाला हात न लावता झोपली.

सकाळी रेषेवर पाच होड्या उभ्या राहिल्या. किनाऱ्यावर बघायला तिघंचौघं, त्यातला एक ट्रकचा ड्रायव्हर. शिट्टी झाली आणि रूपालीनं वारा असा पकडला, की जोडीतली एक होडी पाण्यावर उचलली गेली आणि तोल धरायला डोलकाठीच्या तारेला लटकलेली भूमिका ओरडली. सर चपलांसकट दोन पावलं पाण्यात गेले. किती वर्षांनी बघत होते ते हे! दोन फेऱ्यांत ती सगळ्यांच्या पुढे होती. संघटनेच्या माणसानं कागदावर ‘पाच’ लिहिलं, सही केली, ट्रकवाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. होड्या राहिल्या. पुढल्या वर्षापर्यंत तरी राहिल्या.

सर कागद घेऊन जवळजवळ पळतच निघाले. रूपाली बाभळीखाली ओल्या कपड्यांनी उभी होती, कानाला फोन, पलीकडे सासूबाई.

‘हो आत्याबाई, घरीच आहे. नाना कुठे जाऊ देतात! झोका बांधलाय ना अंगणात, कडुनिंबाला. सांजोऱ्या काकूंनी दिल्या. साडीसुद्धा घेतली, मोरपंखी... हो, खूप. खूप बरं वाटतंय.’

अंगणात कडुनिंब नव्हता. तो तोडून सरांनी तिथे होडीची शेड बांधली होती. सर जागीच थांबले.

तिनं त्यांना पाहिलं. चेहऱ्यावर राग असता तर सरांना सोसला असता. तिनं नुसता फोन पुढे केला. ‘तुमच्याशी बोलायचंय त्यांना. घरीच आहोत म्हणून सांगा.’

‘व्याही,’ लताबाईंचा आवाज मोकळा, आनंदी होता, ‘काल मी रागानं बोलली, मनात ठेवू नका. तुम्ही आले, लई बरं झालं. तीन वर्षं दर आखाजीले पोरगी सकाळपासून पिशवी भरून दारातल्या वट्ट्यावर बसे. मी म्हणे, नाही येत कोणी, जेवून घे. तर म्हणे, नानांची गाडी चुकली असंल, संध्याकाळच्या गाडीनं येतील. ऐकता ना, व्याही? घरीच आहे ना?’

पलीकडे भूमिका शिडाची दोरी सोडत होती आणि सरांना हाका मारत होती.

‘हो,’ सर म्हणाले. ‘घरीच आहे.’