बंगल्यावरून परत आलेली बॅग

मी एक ट्रॉली बॅग बोलतेय. रंग वांगी, चाकं चार, त्यातलं एक आता कुरकुरतं. चिखलीला शकीलभाईंच्या दुकानात धाड गावच्या पंजाबरावांनी मला पसंत केलं, तेही चेन पुन्हा पुन्हा उघडून-लावून. "चेन मजबूत पायजे, भाऊ. पोरगी टीव्हीत चालली," असं ते ज्याला त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

पोरगी म्हणजे जयमाला. बुलढाण्याला बी.ए. केलेली, मोबाईलवर आपल्या बोलीत विनोदी व्हिडिओ टाकणारी. ते व्हिडिओ पाहूनच तिची निवड झाली होती. अनोळखी मुलं-मुली एका बंगल्यात ठेवायची, त्यांनी एकमेकांच्या प्रेमात पडायचं आणि सगळ्या महाराष्ट्रानं ते जेवता जेवता बघायचं, असा तो कार्यक्रम. मला तेव्हा यात काही गैर वाटलं नाही. बॅगेला प्रवासाशी मतलब.

बंगल्यात गेल्या गेल्या मला टेबलावर आडवी करून उघडलं. मोबाईल काढून घेतला, घड्याळ काढून घेतलं. भिंतीवरही घड्याळ नव्हतं आणि खिडक्यांना जाड पडदे होते, त्यामुळे सकाळ झाली की नाही हे कार्यक्रमवाल्यांनी सांगायचं. मग सगळ्यांनी हात धरून गोल बसायचं आणि म्हणायचं, "आपण एक कुटुंब आहोत. बाहेरच्यांना हे कळणार नाही." पहिल्यांदा जयमालाला हसू आवरेना. नंतर नंतर तीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणू लागली.

दर आठवड्याला निकालाच्या दिवशी प्रत्येकानं बॅग भरून दाराशी उभं राहायचं, असा नियम. कोणाला घरी पाठवणार ते शेवटपर्यंत सांगत नसत. उरलेल्यांनी आपापली बॅग ओढत परत आत जायचं. माझी एवढी भर-उपस झाली की शेवटी जयमालानं कपडे बाहेर काढणंच सोडलं. दाराशेजारी एक छोटी खोली होती. तिथे कार्यक्रमातल्या एक ताई गोड आवाजात विचारायच्या, "शिवम खरंच तुझा आहे असं वाटतं तुला?" हो म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न, रडू फुटेपर्यंत. रडली की पाठीवरून हात फिरवायच्या आणि जयमाला उलट त्यांचेच आभार मानायची. मला त्या बाईचा भयंकर राग यायचा.

शिवम पुण्याचा, बंगल्यातल्याच मुलांपैकी. मुलगा वाईट नव्हता, तोही तसाच भेदरलेला. जोडीच्या दिवशी त्यानं जयमालाच्या बोटात अंगठी घातली. इकडे धाडला तिच्या आईनं, सिंधूताईंनी, ते टीव्हीवर पाहिलं आणि पोरीचं साक्षगंध झालं, साखरपुडा झाला म्हणून गल्लीत पेढे वाटले. पंजाबरावांनी भावकीत सांगून टाकलं. चिखलीहून चालून आलेलं स्थळही 'आमचं जुळलं' म्हणून परत पाठवलं. पुढच्याच भागात जोड्या बदलायचा टास्क लागला. शिवमनं दुसरीचा हात धरला, जयमाला बाद झाली आणि आम्ही दोघी एसटीनं घरी आलो.

घरी जयमाला धड जेवेना. मला भरलेलीच पलंगाखाली ठेवली. "बोलावतील मले," म्हणायची. गल्लीतल्या पोरी तिच्यासोबत फोटो काढायला यायच्या, शिवमला शिव्या घालायच्या. "ताई, तू परत जाय, आमी तुलेच मत देतो," असं म्हणून तिला आणखी चढवायच्या. पंजाबराव एकदा म्हणाले, "बुलढाण्याले डॉक्टरले दाखवू." तर म्हणते कशी, "बाबा, तुमी बाहेरचे. तुमाले नाई कळणार." जन्मदात्या बापाला बाहेरचा म्हणाली. पंजाबराव ओट्यावर जाऊन बसले.

आणि मग खरंच फोन आला. जयमालाला पुन्हा आत घेणार होते, न्यायला गाडी येणार होती. ती हरखली. मला ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मला मात्र धडकी भरली. या वेळी गेली तर घरच्यांची जयमाला काही परत येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

गाडीतून एक कॅमेरावाला आणि एक मुलगी उतरली. सिंधूताईंना वाटलं, शिवमकडचे पाव्हणे आले, मोडलेली सोयरीक पुन्हा जुळली. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, पोहे केले, लेकीची ओटी भरली. मग त्या मुलीपुढे हात जोडून म्हणाल्या, "पोरगी तोंडानं फटकळ हाये, पण मनानं लय साधी. चुकली तं आमाले सांगा, तिले बोलू नका. सांभाळून घ्या." आणि ढसाढसा रडल्या.

"काकू, फारच छान!" मुलगी म्हणाली. "फक्त मागून ट्रॅक्टर गेला. परत एकदा म्हणाल?"

पाव्हण्यांचा शब्द मोडायचा कसा? सिंधूताईंनी डोळे पुसले, पुन्हा हात जोडले, तेच बोलल्या आणि पुन्हा तितक्याच रडल्या.

"आता जरा उजेडाकडे तोंड करून, काकू."

तिसऱ्यांदा सिंधूताईंनी उजेडाकडे तोंड केलं, हात जोडले आणि बोलायच्या आधीच त्यांना रडू कोसळलं.

जयमालानं माझा दांडा सोडला. "आई, बस कर. हे पाव्हणे नाईत. ते साक्षगंध नव्हतं. टास्क होता तो."

"टास्क म्हंजे?"

"खोटं, आई. खोटं होतं ते सारं."

सिंधूताई लेकीकडे बघत राहिल्या. "मंग तू इतके दिवस काऊन रडून राह्यली?"

कॅमेरा अजून चालूच होता. जयमालानं आईला दंडाला धरून घरात नेलं आणि दार लावून घेतलं. गाडीवाला बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला. शेवटी पंजाबराव ओट्यावरून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "या आता."

हल्ली मी माळ्यावर असते, रिकामी. जयमाला बापाच्या मोटारसायकलवर बसून बुलढाण्याला डॉक्टरांकडे जाते. पूर्ण बरी झाली असं म्हणवत नाही. निकालाचा वार आला की अजूनही ती दाराशी येऊन उभी राहते. मग सिंधूताई तिला हाक मारून तूर निवडायला बसवतात.

नव्या पर्वाची जाहिरात सुरू झाली आहे. तुम्ही बघालच, आणि बघू नका म्हणणारी मी कोण? फक्त एखादी आई लेकीला निरोप देताना दिसली, तर ती ते कितव्यांदा करतेय, एवढं मनाशी विचारा. आयांना खोटं रडता येत नाही हो. त्या दर वेळी खरंच रडतात.