सयाजीची न विझणारी बत्ती

नाक चिमटीत धरू नका राव, आत यायचंय मला! होय, ऑक्सिजनच बोलतोय. पुस्तकात मला प्राणवायू म्हणतात. शाळेत मी रोज जातो, पण पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर आणि तिथून खिडकीबाहेर. त्यामुळं शिक्षण अर्धवटच राहिलं.

माझा ताजा जन्म राजुरीच्या उसात झाला. भर दुपारी पानानं ऊन खाल्लं, पाणी प्यालं आणि मला बाहेर हाकललं. तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाही. ओला विळा दिसला की त्याला गंज चढवतो, चिरलेलं वांगं काळं पाडतो. मंचरला गेलो तर हायवेवरचे ट्रक मला घटाघटा पितात. माणसंही तसलीच. दिवसभर मला आत घेतात आणि म्हणतात, "सकाळपासून पोटात काही न्हाई!"

परवा निमगाव सावाला पोचलो, तर सयाजीच्या जुन्या विहिरीवर गडबड. कित्येक वर्षं ती पत्र्यांनी झाकलेली. आज पत्रे काढले, पण तळाशी पालापाचोळा कुजून वाईट, जड हवा बसलेली. मी नुसता वर घिरट्या घालत राहिलो. खाली शिरायला जागाच मिळेना. आणि सयाजीला गाळ काढायला तिथंच उतरायचं होतं.

त्याची आई कोंडाबाई लांब लिंबाखालून ओरडली, "आधी बत्ती सोडून बघ रं! जळती ऱ्हायली तरच उतर."

"सोडतो की आये. लई भारी बत्ती हाय, पाण्यातबी इझत न्हाय!"

आणि पठ्ठ्यानं दोराला बांधून सोडली नवी चार्जिंगची बत्ती! तळापर्यंत लख्ख उजेड.

मला हसू फुटलं आणि तिथंच अडकलं. कंदिलाची ज्योत माझ्यावर जगते. मी नसलो की ती विझते. या बत्तीला माझी काय पडलीय?

सयाजी कमरेला दोर बांधून उतरला. दुसरं टोक वर त्याची बायको स्नेहल आणि शेजारचा सावळेराम यांच्या हातात. मी वर नुसता तडफडतोय.

"अहो, गाळ किती हाय?" स्नेहलनं विचारलं.

"लई... झोप येतीय..."

"दिसाढवळ्या?" सावळेराम हसला. "वहिनी, घरी झोपू देत न्हाई वाटतं!"

तेवढ्यात दोराला हिसका बसला. मग हाकेला ओ नाही.

कोंडाबाई धावत आली, आत वाकली. "ही कसली बत्ती? आरं, मी कंदील म्हणत व्हते!"

"मी उतरतो," सावळेराम म्हणाला.

"मुडद्या, मग तुला कोण काढंल? दोर वढ!"

दोघं ओढू लागले. कोंडाबाईनं लिंबाचा मोठा डहाळा तोडला, दुसऱ्या दोराला बांधला आणि विहिरीत खाली-वर आपटायला लागली. प्रत्येक झटक्यासरशी कुजकी हवा ढवळायची आणि मी थोडा खाली घुसायचो. पण सयाजी कुठं? माझ्या हाताला लागेचना!

शेवटी तो काठावर आला. ओठ निळे. मी न विचारता नाकातून आत धाव घेतली. छाती हलेना. पुन्हा घुसलो. स्नेहल त्याला गदागदा हलवत होती. मग एकदम मोठा श्वास! इतका, की मी आपटत आपटत फुप्फुसात गेलो.

त्यानं डोळे उघडले. "आये... बत्ती?"

"हाय खाली. जळतीय तुज्या नावानं!" कोंडाबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिथंच बसून रडली.

आता मी सयाजीच्या रक्तातून पायाच्या अंगठ्यापर्यंत पळतोय. तो खाटेवर पडून बोलणी खातोय. पावणं, एवढं ऐका. बंद विहिरीत उतरायच्या आधी खरा, भुकेला दिवा सोडा. तो विझला की समजा, मी घरी न्हाई. मग तुमीबी आत जाऊ नका.