बाळंतिणीचं लुगडं

विनिताने स्क्रीनवरच्या त्या बाईला चौथ्यांदा लुगडं नेसवलं. आधी छाती झाकली, मग पोट, मग मांड्या. आता पदर घोट्यांपर्यंत ओढून घेतला आणि खुर्चीत मागे टेकून पाहिलं.

"आता हिला बाळ होणारे की ताप उतरणारे?" शेजारी बसलेल्या निलमने विचारलं.

विनिताला हसू आलं नाही. तीन वर्षं दोघींनी मिळून हा खेळ केला होता. विनिताने प्रोग्रामिंग, निलमने चित्रं. नाव साधंच, 'सुईण'. फोनवर खेळायचा. पाड्यावर एक बाई अडलेली आहे, दवाखाना लांब आहे, आणि तुम्ही सुईण आहात. सगळी माहिती निलमच्या आजीची, भिकीची. तलासरीकडच्या त्यांच्या पाड्यावर भिकीने चाळीस वर्षं बाळंतपणं केली होती. आता कोणी बोलवत नसे, गाडी येते आणि बाईला घेऊन जाते. ते बरंच झालं, असं भिकी स्वतःच म्हणायची. पण तिच्या हातात जे होतं ते तिच्याबरोबर जाऊ नये म्हणून या दोघींचा आटापिटा चालला होता.

खेळ परदेशातल्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानावर लागला आणि तीन दिवसांत काढलाही गेला. झालं असं, की कार्डवाल्या कंपन्यांनी दुकानाला दम भरला होता, घाणेरडे खेळ विकाल तर पैसे वळते करणार नाही. दुकानाने मग एका रात्रीत सगळंच झाडून काढलं. लहान मुलं घाबरतील म्हणून या दोघींनी प्रामाणिकपणे 'फक्त प्रौढांसाठी' या चौकटीत खूण केली होती. ती खूणच भोवली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं.

विनिताने पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'लैंगिक आशय'. तिने छाती, पोट, मांड्या झाकून खेळ पुन्हा पाठवला. उत्तर आलं, 'देहाची आक्षेपार्ह स्थिती'. खाली एक ओळ जास्तीची होती. तिसऱ्यांदा नियम मोडल्यास तुमचं खातं कायमचं बंद होईल.

"स्थिती आक्षेपार्ह!" विनिता म्हणाली. "मग काय मांडी घालून बाळंत होऊ?"

"त्याच दुकानात माणसांची मुंडकी उडवायचे किती गेम आहेत, मोजले मी," निलम म्हणाली. "चाळीसनंतर सोडून दिलं."

जिन्यावर पावलं वाजली. निलमने झटकन दुसरी खिडकी उघडली आणि स्क्रीनवर चिकूच्या झाडाचं चित्र आलं. विनिताच्या सासूबाई, आनंदीबाई, चहा घेऊन वर आल्या होत्या. दोघी मुलांसाठी कार्टून करतात, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी झाडाकडे पाहिलं, "पानं जरा बारीक कर गं, चिकूची एवढी नसतात," असं निलमला सांगितलं आणि त्या खाली गेल्या.

त्यांच्यामागून विनिताचा नवरा प्रितेश वर आला. वाडीतून थेट आला होता, पायाला माती. बायकोचा चेहरा बघून काय झालं असेल ते त्याने ओळखलं.

"एक सांगू? बाईच काढून टाका. बंद दार दाखवा. बाहेर नवरा येरझाऱ्या घालतोय. आतून ट्यँहँ. जुन्या पिक्चरमध्ये असंच असायचं."

"म्हणजे खेळायचं काय? येरझाऱ्या?"

प्रितेशने हात वर केले आणि तो आंघोळीला गेला.

शेवटी निलमनेच सुचवलं की आजीला विचारू. कुठला भाग वगळला तर चालेल, कुठला वगळून चालणारच नाही, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? खरं म्हणजे भिकीला पूर्ण झालेला खेळ त्यांनी अजून दाखवलाच नव्हता. तीन वर्षं ती सांगत होती, उशीवर हात फिरवून दाखवत होती आणि या लिहून घेत होत्या. चित्रं निलमने नर्सिंगच्या पुस्तकांवरून काढली. ती स्वतः कधी कुठल्या बाळंतपणाला बसली नव्हती.

रविवारी दोघी स्कूटरवरून निघाल्या. आशागड मागे पडलं, तलासरीचा फाटा आला, पुढे कच्चा रस्ता. भिकी ओट्यावर बसून वाल सोलत होती. तिने विनिताला पाणी दिलं आणि निलमकडे सूप सरकवलं. निलम सोलायला बसली. फोन विनितानेच भिकीपुढे धरला. झाकाझाकी केलेला नाही, पहिला, खरा खेळ.

भिकी बराच वेळ बघत राहिली. मग तिने फोन हातात घेतला आणि ओट्यावर पालथा ठेवला.

"पायाशी कोण उभा हाय?" तिने विचारलं.

"कोणी नाही आजी. ते आपण. म्हणजे जो खेळतो तो."

"त्याला सांग, भाईर जा."

निलमचे हात सुपातच थांबले.

"सुईण पायाशी उभी नाय राहत," भिकी म्हणाली. "बाजूला बसते. गुडघ्यावरनं लुगडा असतो, त्याच्या खालनं हात. बघायचा नसतो कधी. मी एवढी पोरं काढली, एका बाईला नाय बघितली. तिच्या तोंडाकडं बघायचा. हाताला सगला कलतो."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" विनिताचा आवाज चढला. तीन वर्षं, साठ चित्रं, आणि आता हे. "तीन वर्षं येतोय आम्ही!"

"तू इचारला, हात कसा फिरवायचा. तो सांगितला." भिकी शांतपणे शेंगा सोलू लागली. "बघत नाय हां काय सांगायचा? सगल्यांना माहीत असतो."

बघायचं असतंच, हे विनिता धरून चालली होती. तिची दोन्ही बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. डोक्यावर मोठा दिवा, पाय वर बांधलेले, आणि त्या पायांशी उभी असलेली माणसं. डॉक्टर, नर्स, शिकाऊ पोरं. एकदा तर कोणीतरी दार उघडून सहीसाठी कागद घेऊन आत आलं होतं आणि सही होईपर्यंत तिथेच उभं राहिलं होतं. तेव्हाही तिला वाटलं होतं की हे असंच असतं. तीन वर्षांत निलमकडून तिने जे चित्र काढून घेतलं होतं ते पाड्यावरचं बाळंतपण नव्हतंच. तिचं स्वतःचंच होतं, फक्त भिंतींना कुडाचं चित्र लावलेलं. तिला स्वतःचा राग आला आणि त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला, की आता ते दुकानवाले बरोबर ठरणार.

"आजी, त्या लोकांनी पण हेच सांगितलं," निलम हळूच म्हणाली. "झाका म्हणून. घाण आहे म्हणतात."

"घाण?" भिकीने मान वर केली. पहिल्यांदाच तिचा आवाज कडक झाला. "बाल येतो ती घाण? लुगडा काय त्यांच्यासाठी घालायचा? तो तिच्यासाठी असतो. थंडी वाजते, लाज वाटते, कोणी घाबरते. त्यांचा काय संबंध?"

परत आल्यावर, सरावलीला विनिताच्या घराच्या फाटकाशी उतरताना निलम म्हणाली, "ताई, सगळं पुन्हा काढावं लागेल."

"काढू," विनिता म्हणाली.

दीड महिना लागला. आता खेळणारी बाई बाळंतिणीच्या बाजूला बसत होती. समोर फक्त चेहरा, घामाने ओला, कधी चिडलेला, कधी घाबरलेला. लुगड्याखाली हात जात आणि मग काही दिसत नसे. फोन बोटांखाली थरथरे, कधी हलका, कधी जोरात, आणि त्यावरून ओळखायचं की बाळाचं डोकं कुठे आहे, थांबायचं की कळ द्यायला सांगायचं. कण्हण्याचा आवाज विनितानेच दिला. घरात कोणी नसताना, कपाटात तोंड घालून. भिकीला नवा खेळ दाखवला तेव्हा तिने तो शेवटपर्यंत खेळला. मध्ये एकदा ती त्या चित्रातल्या बाईवर खेकसलीसुद्धा, "अजून नाय! श्वास घे!" विनिताला इतका आनंद गेल्या तीन वर्षांत झाला नव्हता.

तिसऱ्यांदा खेळ पाठवला. शेवटची संधी होती, पण या वेळी धाकधूक नव्हती. दाखवायला आता काही उरलंच नव्हतं. घोटासुद्धा नाही.

नवव्या दिवशी उत्तर आलं. विनिताने मोठ्याने वाचलं. निलमला कळावं म्हणून वाक्यागणिक मराठीत सांगत गेली.

"वस्त्राखाली हातांची हालचाल... स्त्रीच्या चेहऱ्यावरचे भाव... आणि कण्हण्याचा आवाज... यांतून लैंगिक कृती सूचित होते." ती थांबली. "खातं कायमचं बंद केलंय. या निर्णयावर दाद मागता येणार नाही. आमच्या दुकानात आल्याबद्दल आभार."

"आभार?"

"आभार."

उघडं ठेवलं तर उघडं आहे म्हणून नको, झाकलं तर झाकलंय म्हणून नको. विनिताने समोरची वही उचलून भिंतीवर फेकली. वहीने काही बिघडत नाही हे लक्षात आल्यावर पेनांचा डबा फेकला. तो मात्र दणक्यात फुटला आणि पेनं जिन्यावरून गडगडत खाली गेली.

"काय झालं गं?" खालून आवाज आला आणि पाठोपाठ आनंदीबाई वर आल्या, हातात दोन पेनं. निलमचा हात सवयीने माऊसकडे गेला.

"राहू दे," विनिता म्हणाली. "काय झाकायचं आता? आई, कार्टून नाहीये ते. बाळंतपण आहे. तुमच्यापासून लपवलं आम्ही, तुम्हाला घाणेरडं वाटेल म्हणून. त्या परक्या लोकांना एवढ्या शिव्या घातल्या, पण पहिली बंदी आम्हीच घातली, घरातल्या घरात." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

आनंदीबाईंनी पेनं टेबलावर ठेवली. पदराने हात पुसले.

"बघू," त्या म्हणाल्या.

निलमने फोन त्यांच्या हातात दिला आणि अंगठे कुठे ठेवायचे ते दाखवलं. आनंदीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. पहिली कळ आली, फोन थरथरला, त्या दचकल्या. मग सावरल्या. दुसऱ्या कळेला त्यांनी हात हलवला नाही, थांबल्या. कोणी न सांगता थांबल्या. स्क्रीनवरची बाई डोकं इकडून तिकडे फेकत होती. आनंदीबाई पुढे वाकल्या.

"माझ्याकडे बघ," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "वर नको बघू. माझ्याकडे बघ. मी आहे ना."

विनिता आणि निलमने एकमेकींकडे पाहिलं. खेळात हे वाक्य नव्हतं. भिकीनेही कधी सांगितलं नव्हतं.

बाळ रडलं. आनंदीबाईंनी फोन मांडीवर ठेवला. हाताचे तळवे त्यांनी साडीवर दोनदा पुसले.

"आई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" विनिताने विचारलं. "माझ्याकडे बघ, ते?"

"प्रितेशच्या वेळी. गाडी मिळाली नाही. पलीकडच्या पाड्यावरून एक बाई बोलावली होती, मागच्या दाराने. रात्रभर तेवढंच म्हणत होती. माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ. चेहरा अजून आठवतो. उजव्या भुवईवर गोंदलेलं होतं. सकाळी तिला ओट्यावरच चहा दिला, वेगळ्या कपात. साडी दिली, तांदूळ दिले. ती गेल्यावर सगळी खोली धुऊन काढली आमच्या सासूबाईंनी. मी बघत होते." त्या निलमकडे न बघता बोलत होत्या. "तुझी आजी होती का गं ती?"

"नाही. आजी इकडे कधी आली नाही."

आनंदीबाईंनी मान हलवली. खाली कुकरची शिट्टी झाली, कोणी उठलं नाही.

"तुझ्या आजीचं नाव काय?"

निलम तीन वर्षं या घरात येत होती. रोज चहा होत होता.

"भिकी."

"भिकीबाई," आनंदीबाई म्हणाल्या. "मंगळवारी घेऊन ये त्यांना. खाली भजनाला वीस-बावीस जणी असतात. हा फोनही आण, चार्ज करून. निम्म्या जणी घरातच बाळंत झाल्यात आमच्यातल्या." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "एकीलाही आपल्या सुइणीचं नाव सांगता यायचं नाही बघ."