कफनाच्या गाठी

तेगारनं कफन अंगावर चढवलं तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाजारातून आणलेलं पांढरं कापड, डोक्यावर, कमरेला नि पायांशी गाठी, तोंडाला पावडर, डोळ्यांखाली काजळ. झाला पोचोंग तयार. गाठी न सोडता पुरलेला माणूस असा कफनातच उड्या मारत घरी परततो, हे क्लातेनकडच्या पोरांना शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. आणि दुसऱ्याची भंबेरी उडालेली बघायला कुणाला नाही आवडत? केळींत दडलेला तेगारचा दोस्त लांजार मोबाइल धरून लाइव्हवर कुजबुजत होता, "थांबा मंडळी, येईलच आता कुणीतरी."

आधी खिम्याच्या गोळ्यांचं सूप विकणारा एक बाक्सोवाला आला नि गरम गाडी रस्त्यात टाकून पळाला. बघणारे हसून लोळले. मग मशिदीतून संध्याकाळची नमाज आटोपून आली ती शेजारची कासिनेम आजी. तिचा म्हातारा नुकताच गेलेला, अजून चाळिसावा दिवसही व्हायचा होता.

तेगारनं तिला ओळखलं. पण लाइव्ह चालू होतं ना. हा शहाणा जागचा हलला नाही.

आजी पळाली नाही. हातातली बॅटरी तिनं खाली ठेवली.

"अहो, तुम्ही?" ती म्हणाली. "वाटलंच मला. रोज स्वप्नात येऊन पाय आवळलेत म्हणता. सोडल्या नाहीत ना मेल्यांनी गाठी?"

आता ऐका. म्हाताऱ्याच्या दफनाच्या दिवशी कबरीत पायांच्या बाजूला तेगारच उतरला होता. गाठी त्यानंच सोडल्या होत्या, एकूण एक. 'आजी, मी तेगार, आजोबा सुखात आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. पण लांजार हातानं खुणावत होता, चालू दे, चालू दे.

आजी कण्हत खाली बसली. तिनं पायांची गाठ सोडली, मग कमरेची. डोक्यापर्यंत हात पोचेना.

"वाका जरा."

तो वाकला. त्याच्या तोंडाकडे तिनं बघितलं नाही, बघवलं नसेल. शेवटची गाठ सोडून तिनं कापड नीट केलं, जसं नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर नीट करावी तसं.

"जा आता. माझी काळजी नका करू. कोंबड्या दिल्यात विकून, दगदग नाही काही."

ती गेली तरी तेगार तसाच वाकलेला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

लांजार मात्र नाचत बाहेर आला. "अरे, आजीनं धमाल केली!"

"पुसून टाक ते."

"लाइव्ह होतं बाबा. पुसतोस काय?"

सकाळपर्यंत कुणीतरी त्याला गाणं जोडून गावभर केलं होतं. आजीच्या नातीनंच ते आजीला दाखवलं, कफनात कोण होतं तेही सांगितलं. ऊन वर यायच्या आत आजी तेगारच्या दारात उभी. त्याच्या आईला काय करावं कळेना, ती चहा ठेवायला आत पळाली. तेगार येऊन आजीच्या पायांशी बसला. मान वर करायची त्याची छाती नव्हती.

"चुकलो, आजी."

"ते राहू दे," आजी म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मला एकच सांग. तिथं खाली, ह्यांच्या पायांची गाठ सोडली होतीस का रे?"

"सोडली होती. अल्लाची शपथ. सगळ्या सोडल्या होत्या, मी स्वतः."

आजी त्याच्याकडे बघत राहिली. विश्वास ठेवावा असं तिच्या किती मनात होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिची नजर खिडकीबाहेर गेली, दारामागे गेली, केळींच्या पानांत फिरली. डोक्यावरचं फडकं तिनं पुढे ओढून घेतलं.

"हे पण दिसतंय का रे लोकांना?" तिनं हळूच विचारलं.